क्लबचा बोजारा

आमच्या गावी रस्त्याला लागून काकूची बांधी आहे. बांधी म्हणजे धानाचा चौकोनी तुकडा, चारही बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला. या बांधीच्या एका कोपऱ्याला गावात 'क्लबचा कोपरा' म्हणतात. त्या नावात कौतुक नाही. कोणी तिरपी भिंत बांधली, कोणाच्या पोराने वहीत वाकड्या ओळी काढल्या, की आमच्याकडे सहज म्हटलं जातं, हे तर क्लबच्या कोपऱ्यासारखं झालं. भाषेत ही भर माझ्यामुळे पडली. कॉलेजच्या वर्षांत माझ्या हातून समाजाची जी काही सेवा झाली, तिच्यापैकी टिकून राहिलेली एवढीच.

मी घरातला कॉलेजात गेलेला पहिला. आमचं गाव मोहाडी तालुक्यात. बाबा वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते, सायकलने जायचे. आई हंगामात रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, आणि कापणीला जायची, एरवी मिळेल त्या कामाला. मी बाबांच्या सायकलच्या मागे बसून वरठीपर्यंत आणि तिथून ऑटोने भंडाऱ्याला कॉलेजात. कॉलेजात काय करायचं असतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे जे जे नोटीस बोर्डावर लागेल ते ते करायचं असतं अशी माझी समजूत झाली. बोर्डावर एक दिवस लिहिलेलं दिसलं की शहरातल्या सेवाभावी क्लबची युवा शाखा आपल्या कॉलेजात आहे, इच्छुकांनी यावे. मला इच्छा होती की नाही ठाऊक नाही, पण 'यावे' असं लिहिलं होतं, म्हणून गेलो.

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी आपली ओळख करून द्यायची होती. बाकीचे उभं राहून दोन वाक्यं बोलून बसले. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, पोस्ट सांगितलं, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन कोड सांगितला. कोणी हसलं नाही. त्यामुळे मला वाटलं, छान झालं.

क्लबचे मोठे सदस्य म्हणजे शहरातले दुकानदार, वकील, डॉक्टर. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस गोल, हसरा आणि हारतुऱ्यांना सरावलेला. क्लबच्या बॅनरवर अजून अख्खा जुना जिल्हा होता. गोंदिया वेगळं होऊन वर्षं झाली होती, पण कापड चांगलं आहे म्हणून बॅनर कोणाला टाकवत नव्हता. मी या सगळ्यांना सर म्हणायचो. त्यांच्या एका कार्यक्रमात मी केटररलाही दोन तास सर म्हणत होतो. शेवटी त्यानेच मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, मी भजे तळून राहिलो."

माझी पहिली सेवा म्हणजे रुग्णालयात फळवाटप. मला केळ्यांची टोपली दिली होती. मी खाटांच्या एका रांगेने, नमस्कार करत, प्रत्येकाला एक केळं देत निघालो. ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेल्या एका आजोबांना मी आग्रह करकरून केळं दिलं. सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी ते केळं त्यांच्या हातातून काढून माझ्या हातात ठेवलं. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. फोटोत सिस्टर मला केळं देत आहेत आणि मी कृतज्ञ दिसतो आहे. आईने तो फोटो पाहून विचारलं की तुले काय झालं होतं, दवाखान्यात भरती होता का.

पैसे उभे करायला क्लब तंबोलाची संध्याकाळ ठेवायचा. तंबोला काय असतो हे विचारायची मला लाज वाटली. मी तिकिटं विकताना 'समाजकार्यासाठीचा एक खेळ आहे' एवढंच सांगायचो. त्यामुळे कॉलेजच्या कँटीनच्या मावशी कबड्डी असेल असं समजून आल्या. आकडे पुकारायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नाही म्हणत नसे. मी प्रत्येक आकडा हळू आवाजात, नीट, आदराने सांगायचो. मागून कोणीतरी ओरडलं की मयतीत आला का बे. तरीही त्या संध्याकाळी क्लबकडे पुढच्या कार्यक्रमापुरते पैसे जमले. तो पुढचा कार्यक्रम मी सुचवलेला होता.

बैठक पावसाळ्याच्या दिवसांत होती. विषय असा की वृक्षारोपण दरवर्षीच होतं, यंदा काहीतरी वेगळं हवं. कोणी म्हणालं, शेतकऱ्यासाठी एक दिवस. सगळ्यांना आवडलं. पण कोणत्या शेतकऱ्यासाठी आणि काय करायचं, इथे बैठक अडली. मी हात वर केला. त्या खोलीत मी आपणहून हात वर करण्याची ती पहिली वेळ. म्हणालो, आमच्या गावी आमच्या काकू आहेत. काका पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे. काकूचा रोवणा व्हायचा आहे. आपण सगळे गेलो तर एका दिवसात होईल.

टाळ्या वाजल्या. टाळ्या माझ्यासाठी होत्या, त्यामुळे मी त्या वेळी दुसरं काही ऐकलं नाही.

काकू आमच्या घरासमोर राहते. नात्याने कोणी नाही, पण माझ्या लहानपणी आई रोवण्याला गेली की मी तिच्याच ओसरीवर असायचो. त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि मग सगळ्या गावाच्या बांध्या एकदमच तयार झाल्या. बायांच्या टोळ्यांना क्षणाची उसंत नव्हती. बहुतेक टोळ्यांनी मोठ्या शेतमालकांचा गुत्ता घेतला होता, म्हणजे इतकी जमीन लावायची, इतके पैसे, लवकर आटोपली तर लवकर घरी. काकूने कशीबशी आईच्या टोळीत आपली पाळी लावून ठेवली होती. तिचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागले होते. भाड्याच्या ट्रॅक्टरने चिखलही करून ठेवलेला. रोवणा आणखी लांबला, तर चिखल बसतो, पऱ्ह्यांना गाठ धरते आणि वर्षाचं धान हातचं जातं. काकूचं सगळं वर्ष त्या एका बांधीवर होतं.

मी तिला जाऊन सांगितलं की आईच्या टोळीची पाळी दुसऱ्याला देऊन टाक, आमचे लोक येऊन राहिले.

"किती जन?"

मी सांगितलं, पुष्कळ. डॉक्टर आहेत, वकील आहेत.

काकूने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "वकिलाले रोवता येते का, बाबू?"

मी म्हणालो, शिकलेले लोक आहेत, दाखवलं की जमेल. काकूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून तिच्या ओसरीवरच बसलो आहे आणि तिला माझ्यावर विश्वास ठेवणं भाग आहे. दुसऱ्या दिवशी तिने पाळी सोडली. आईला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तू कधी रोवला का?" मी नव्हता रोवला. रोवणा आमच्याकडे बायांचं काम. पुरुषांनी चिखल करायचा आणि पऱ्ह्यांच्या पेंड्या, म्हणजे बांधलेल्या जुड्या, बांधीत फेकायच्या. मी तर अभ्यासाच्या नावाखाली पेंड्याही कधी धड फेकल्या नव्हत्या. जे काम स्वतः कधी केलं नव्हतं, ते मी अख्ख्या क्लबच्या वतीने कबूल करून आलो होतो.

ठरलेल्या दिवशी बाया नेहमीप्रमाणे उजाडताच बांध्यांत उतरल्या. आईची टोळी काकूच्या शेजारच्याच बांधीत होती. काकू आपल्या धुऱ्यावर पाण्याची कळशी आणि पेले घेऊन बसली. मी रस्त्यावर उभा. ऊन वर आलं. शेजारच्या बांधीतून आवाज येऊ लागले, "साहेब, तुहे डाक्टर कपडे इस्तरी करून राहिले काय?"

गाड्या आल्या तेव्हा नाश्त्याची वेळ झाली होती. म्हणून आधी नाश्ता झाला, तर्रीपोहे. मग सगळ्यांना टी-शर्ट वाटले. ते पांढरेशुभ्र होते. तो रंग निवडणाऱ्या समितीत मीही होतो. बॅनर दोन पळसांच्या मधे बांधला. अध्यक्षांचं भाषण झालं, युवा शाखा सांभाळणाऱ्या कॉलेजच्या सरांचं झालं, मग आभार मानायला मला उभं केलं. मी आभार मानले, धुऱ्यावर बसलेल्या काकूचेही मानले, की त्यांनी आपल्याला सेवेची संधी दिली. काकूने मान हलवली आणि पेले पालथे होते ते सरळ केले.

मग क्लब चिखलात उतरला. पहिल्यांदा बूट अडकले, मग बुटांसाठी वाकलेली माणसं अडकली. डॉक्टरसाहेबांनी पऱ्ह्याची अख्खी मूठ एकाच जागी रोवली, गुच्छ लावावा तशी. वकीलसाहेबांनी दोन काड्यांमध्ये इतकं अंतर सोडलं की मधून बैलगाडी गेली असती. मी सगळ्यांना सूचना देत होतो आणि माझ्यामागे मी लावलेली प्रत्येक काडी निवांत वर येऊन पाण्यावर तरंगत होती. शेजारच्या बांधीतल्या बाया वाकलेल्याच होत्या, पण त्यांच्या पाठी हलत होत्या. त्या हसत आहेत हे लांबूनही कळत होतं.

फोटो झाले. कमरा धरल्या. कोणाला जळू लागली आणि तिच्यासाठी मीठ शोधता शोधता निम्मा क्लब धुऱ्यावर आला. दुपार होईस्तोवर एक कोपरा लागून झाला होता. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि कार्यक्रम यशस्वी झाला असं जाहीर केलं. जेवण टेम्पोत आलं होतं, शाळेच्या व्हरांड्यात मांडायचं होतं. पुरी, वांग्याची भाजी, मसालेभात, बुंदी. तंबोलाचे पैसे त्यात गेले होते.

मी काकूजवळ गेलो. समोर तिची बांधी पडली होती, एका कोपऱ्यात थोडं हिरवं आणि बाकी सगळं नुसतं पाणी. पऱ्ह्यांच्या पेंड्या धुऱ्यावर जशाच्या तशा. काकू ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "बाबू, जेवून येतीन ना हे लोक?"

मी टी-शर्टवरचा चिखल पुसत राहिलो, आणि तो आणखी पसरला.

इतक्यात शेजारच्या बांधीतल्या बाया वर आल्या. त्यांचा गुत्ता आटोपला होता. पुढे आई, हातात पऱ्ह्यांची एक चांगली भरगच्च पेंडी, मागे सगळी टोळी, गुडघ्यांपर्यंत चिखल. आई सरळ अध्यक्षांसमोर गेली, पेंडी त्यांच्या पायाशी ठेवली, हात जोडले आणि बाजूला झाली.

आमच्याकडची रीत अशी. रोवणा सरला की बाया ज्याचा रोवणा त्याच्या पायाशी पेंडी ठेवतात. त्याने पेंडी उचलली की त्याने बोजारा कबूल केला. बोजारा म्हणजे रोवणाऱ्या बायांना पोटभर जेवण. पेंडी पायाशी आली की शहाणा मालक आधी हुज्जत घालतो, कोंबडा नाही, वरणभातच मिळेल, लाडू नाही, गूळच मिळेल, आणि सौदा जमला की मग खाली वाकतो. ही रीत मला ठाऊक होती. अध्यक्षांना ठाऊक नव्हती. त्यांना आयुष्यात पायाशी किंवा हातात जे जे काही मिळालं होतं, तो सत्कार होता.

त्यांनी वाकून पेंडी उचलली. दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. चिखलाचं पाणी त्यांच्या बाह्यांतून आत गेलं, पण ते हसत राहिले. फोटोवाला धावला. अध्यक्ष म्हणाले की आजवर पुष्पगुच्छ खूप मिळाले, पण या माउलींनी हिरव्या धानाने केलेला हा सत्कार ते सर्व सदस्यांच्या वतीने नम्रपणे स्वीकारतात. क्लबने टाळ्या वाजवल्या. बायांनी त्याहून जोरात वाजवल्या.

मग ते पेंडी काखेत घेऊन गाडीकडे निघाले, आणि टोळी त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"साहेब, पेंडी उचलली तुमी," आई म्हणाली. "आता बोजारा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात या?"

मी कॉलेजच्या सरांकडे पाहिलं, सर बॅनरकडे पाहत होते. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर अध्यक्षांवर होती आणि चेहरा एकदम भोळा. तो चेहरा मला ओळखीचा होता. बाजारात भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागताना ती तोच लावते.

मी बोलायला सुरुवात केली ती फार लांबून. आपल्या भागातली धानाची संस्कृती वगैरे. टोळीतली एक म्हातारी बाई म्हणाली, "अरे सांग ना बाप्पा, भूक लागून राहिली."

तेव्हा सांगितलं. सर, हा सत्कार नाही. पेंडी उचलली म्हणजे रोवणा तुमचा झाला. आता यांना जेवू घालावं लागतं.

"कधी?"

"आता," आई म्हणाली.

कोषाध्यक्ष म्हणाले की जेवण सदस्यांपुरतंच आहे, ताटं मोजून आणली आहेत. पेंडी परत ठेवून दिली तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं. बायांमध्ये कुजबुज झाली. अध्यक्ष काही वेळ पेंडीकडे पाहत राहिले. मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला असावा. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाने माल उचलला की सौदा झाला. उचलली ना मी? वाढा यांना."

शाळेच्या व्हरांड्यात बाया पंगतीला बसल्या आणि क्लबने वाढलं. डॉक्टरसाहेब पुऱ्या, वकीलसाहेब भाजी, कोषाध्यक्ष जड हाताने बुंदी. बायांनी त्यांना नावं ठेवली, आग्रह करता येत नाही म्हणून हिणवलं, "डाक्टर, पुरी देऊन राहिले का औषधाची गोयी?" म्हणाल्या. मी पाणी वाढत होतो. इतक्या दिवसांच्या सेवेत लोकांच्या पोटात खरोखर काही गेलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण मला त्यात गोडी नव्हती. काकू पंगतीत बसली नव्हती. ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिचं तोंड बांधीकडे होतं.

उरलंसुरलं खाऊन क्लब गाड्यांत बसला. अध्यक्षांनी पेंडी सोबत नेली. नंतर कळलं की ती दुकानात काउंटरवर बरेच दिवस होती, पाण्याच्या बादलीत.

बायांनी हात धुतले, पदराला पुसले. आता त्या घरी जातील असं मला वाटलं. गुत्ता संपला होता, पोट भरलं होतं. मग ती म्हातारी बाई मोठ्याने, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "बोजारा तं खाल्ला. पन रोवना कुटं सरला?"

सगळ्या हसल्या. आई म्हणाली, "अर्ध्या रोवन्यावर बोजारा खाल्ला असं कोनं म्हनू नये. चला."

आणि ती टोळी काकूच्या बांधीत उतरली. आमच्या गावात रोवणा बाकी ठेवून बोजारा खाल्लेली टोळी तोवर झाली नव्हती, आणि ती पहिली टोळी आपली ठरावी अशी त्यांच्यातल्या एकीचीही इच्छा नव्हती. त्या ओळीने वाकल्या आणि मागे मागे सरकत गेल्या. पाणी हिरवं होत गेलं. मी पेंड्या फेकल्या. पहिलीच पेंडी आईच्या पाठीत बसली. दुसरी पाण्यात अशी पडली की म्हातारीच्या तोंडावर चिखल उडाला. तिने विचारलं की कालेजात हेच शिकवते का. मग मी फेकणं सोडून हातोहात नेऊन दिल्या.

काकूही पदर खोचून उतरली. दिवस बुडायच्या आत शेवटची ओळ लागली. राहिला तो क्लबचा कोपरा. आई तो उपटून नव्याने लावायला निघाली, पण काकू म्हणाली, राहू दे, लावला ना त्याहिनं. तरंगणाऱ्या काड्या तेवढ्या तिने वाकून बोटाने दाबल्या.

आई हे सगळं मुद्दाम ठरवून आली होती का, ते मी तिला पुढे बरेचदा विचारलं. तिचं उत्तर प्रत्येक वेळी एकच, "मले भूक लागली होती."

बाया पाय धुवायला निघाल्या तेव्हा काकूने धुऱ्यावर उरलेली एक पेंडी उचलली. रोवणा तिचा होता, पण बोजारा खाऊन झालेला. ती माझ्याकडे आली आणि पेंडी माझ्या पायाशी ठेवली. सगळ्या जणी थांबल्या.

"उचल," काकू म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा ती हसत होती.

मी म्हणालो, काकू, माझ्याजवळ काय आहे.

"आज कोन मांगून राहिलं? तुले नोकरी लागनच ना कधी."

अध्यक्षांना पेंडीचा अर्थ माहीत नव्हता. मला होता. तरी वाकलो आणि उचलली, आणि हुज्जत घालायचं विसरलो. टोळीने ते लगेच हेरलं. जेवणात काय काय हवं ते घरी पोचेपर्यंत रस्त्याने ठरत गेलं. वरणभातापासून सुरू झालेलं ते कोंबड्यावर आलं, आणि आमच्या दाराशी म्हातारीने शेवटची अट घातली, "आनि बुंदी नोको रे बाबू. जिलेबी."